चुलीचा धूर आणि धाप

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. पुढचे काही महिने संसार फडाजवळच्या कोपीत. बाई पहाटे अंधारातच चूल पेटवते. ओलं सरपण, पाचट आणि वाकून शिरावं एवढी बुटकी कोपी. धुराला बाहेर पडायला वाटच नसते.

वर्षानुवर्षं असा धूर छातीत गेला की श्वासनळ्या सुजून अरुंद होतात, फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या फाटतात. आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. हाच सीओपीडी. ‘ती कुठं बिडी ओढते?’ म्हणून घरचे निर्धास्त राहतात, हे फार वाईट. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं, तेव्हा जळणाच्या धुराकडेच बोट दाखवलं होतं.

निदान स्पायरोमेट्रीने, म्हणजे नळीत जोरात फुंकायच्या तपासणीने होतं. औषधाचा पंप दिल्यावरही, जोरात सोडलेल्या एकूण हवेतली ७० टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात आली, तर नळ्यांत अडथळा आहे.

झालेलं नुकसान भरून येत नाही. धाप मात्र आटोक्यात ठेवता येते. पंपाची सवय लागते, ही भीती काढून टाका. पंप हलवून स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधल्या पोकळ नळकांड्याला लावायचा, श्वास पूर्ण सोडायचा, कळ दाबून सावकाश ओढायचा, दहा सेकंद रोखायचा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. धाप लागली की नाकाने श्वास घेऊन, ओठ आवळून हळूहळू सोडावा. रोज थोडं चालावं, दरवर्षी फ्लूची लस घ्यावी, चूल उघड्यावर मांडावी. बेडका हिरवा-पिवळा झाला, धाप वाढली, तर खाडा पडला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.