आधी वाळू, मग कोळंबी

शिरूर किंवा दौंडसारख्या गावात घरी समुद्री ॲक्वेरियम ठेवायचं म्हटलं, की पहिली शंका पाण्याची निघते. अरबी समुद्र इथून सरळ रेषेतही दीडशे किलोमीटरहून लांब. घोड आणि भीमा दोन्ही गोड्या पाण्याच्या, आणि मुलूख पर्जन्यछायेतला. खारं पाणी आणायचं कुठून? या प्रश्नाचं उत्तर रसायनशास्त्राने केव्हाच दिलं आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते कोणते आणि किती प्रमाणात हे नेमकं ठाऊक आहे, आणि त्या प्रमाणात बनवलेलं मिश्रण विकत मिळतं. साध्या मिठाने हे काम होत नाही, कारण मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्याशिवाय ते समुद्राचं पाणी होतच नाही. पण बीळ करून राहणारी कोळंबी पाळणाऱ्याची खरी परीक्षा तळाच्या वाळूत होते. अशा प्राण्याचं बीळ हा त्याच्या शरीराचाच विस्तार मानायला हवा. ज्या टँकमध्ये बीळ खणता येत नाही, तिथे कोळंबी जिवंत राहिली तरी तिचं जगणं अपुरंच राहतं.

पिस्तूल कोळंबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अल्फियस या प्रजातीकडे पाहा. तिची प्रसिद्धी तिच्या आवाजामुळे आहे. मोठा नांगा झटक्यात मिटताना पाण्याची वेगवान धार सुटते, तिच्यामागे बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना कडाका होतो. आवाज नांग्याच्या आपटण्याचा नसून बुडबुड्याचा असतो, हे २००० साली अतिवेगवान छायाचित्रणातून दाखवलं गेलं. पण दिवसाचा मोठा वेळ ही कोळंबी बार उडवण्यात घालवत नाही, ती खणत असते. तिच्या अनेक जातींची नजर अधू असते, म्हणून बिळाच्या तोंडाशी गोबी मासा पहारा देतो. कोकणात निवटी म्हणून ओळखला जाणारा मासा याच माशांचा नातलग. बाहेर येताना कोळंबी आपली एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसताच गोबी शेपूट थरथरवतो आणि दोघं आत शिरतात. तांबड्या समुद्रातल्या अशा जोडीचं शास्त्रीय वर्णन १९५८ साली झालं. आज गोबींच्या शंभराहून अधिक जाती अशा भागीदारीत राहतात हे माहीत आहे. जपानमधल्या संशोधकांनी २०१७ साली या व्यवहाराची आणखी एक बाजू दाखवली: गोबी बिळात जी विष्ठा टाकतो, ती कोळंबीच्या खाण्याचा महत्त्वाचा भाग असते. म्हणजे एकाच बोगद्यात तिचा निवारा आहे, पहाऱ्याची सोय आहे आणि अन्नही. कात टाकल्यावर नवं कवच कडक होईपर्यंत ती पूर्ण असहाय असते, तो काळही याच अंधारात निघतो.

हे मान्य केलं तर वाळूचा विचार सजावट म्हणून करता येत नाही. नुसत्या बारीक वाळूत बोगदा टिकत नाही, छप्पर खाली येतं. नुसत्या जाड खड्यांत तो खणताच येत नाही. निसर्गात ही कोळंबी शिंपल्यांचे तुकडे आणि खडे उचलून आणते व भिंती-छपरात बसवते. म्हणून टँकमध्येही बारीक वाळू, भरड वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे यांचं मिश्रण हवं, आणि थर निदान सात-आठ सेंटिमीटरचा. मोठे दगड आधी काचेच्या तळावर घट्ट बसवावेत आणि वाळू नंतर भरावी. वाळूवर ठेवलेला दगड कोळंबी खालून पोखरते, आणि मग तो तिच्यावरच कोसळतो किंवा काच फोडतो. घोड-भीमेची वाळू घराजवळ असली तरी ती इथे उपयोगाची नाही. ती मुख्यतः बसाल्ट झिजून आलेली असते, तिच्यात लोहयुक्त काळे कण असतात. काच पुसायच्या चुंबकाला ते चिकटतात आणि काचेवर ओरखडे पडतात. शिवाय नदीचं पात्र आधीच उपशाने खरवडलं गेलं आहे, छंदासाठी त्यात भर घालण्याचं समर्थन मला करता येणार नाही. प्रवाळाचे तुकडे वापरणं तर कायद्यातच बसत नाही, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण दिलं आहे. तिसऱ्यांची टरफलं उकळून, घासून, वाळवून कुटली तर भरड भागाची गरज घरच्या घरी भागते.

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की जाड थराच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो आणि एक दिवस सगळा टँक विषारी होतो. भीती खोटी नाही. बारीक, न हललेल्या वाळूत ऑक्सिजन काही मिलिमीटरच्या खाली जात नाही, हे समुद्राच्या तळाबाबतही खरं आहे. पण समुद्रात या कोंडीवरचा एक उपाय म्हणजे हे खणणारे प्राणीच. कोळंबी बिळात पोटाखालचे पाय हलवून पाणी खेळतं ठेवते. ते पाणी भिंतींतून आसपासच्या वाळूत झिरपतं. धोका वाढतो तो जाड थर ठेवून त्यात खणणारं कुणीच नसलं तर, किंवा जुना काळा पडलेला थर माणसाने एकदम उपसला तर. तेव्हा थर बेताचा ठेवावा, खाद्य जपून घालावं आणि खणण्याचं काम खणणारीवर सोडावं.

दुसरा आक्षेप सोपा आहे: जी दिसतच नाही ती पाळायची कशाला? बिळाच्या तोंडावर गोबी दिवसभर दिसतो, कोळंबीही वाळूचा ढीग ढकलत सतत बाहेर येते. आतलं पाहायचं असेल तर टँकच्या बाजूच्या काचेच्या खालच्या भागावर बाहेरून काळा कागद लावावा. बोगदा बरेचदा काचेला लागून जातो, आणि कागद थोडा वेळ बाजूला केला की आतली ये-जा दिसते. एरवी तो लावलेलाच असावा.

मुलुखाच्या अडचणी राहतात. बोअरचं पाणी जड असतं, उसाच्या पट्ट्यात त्यात नायट्रेटही असू शकतं, म्हणून मिश्रण आरओच्या पाण्यातच कालवावं. टँक २४ ते २७ अंशांवर राहायला हवा आणि दौंडचा एप्रिल-मे चाळिशी गाठतो. इथे कोरडी हवा मात्र कामी येते. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने तापमान उतरतं. मुंबईच्या दमट हवेत तोच पंखा कमी पडतो. पण उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. रोजची तूट आरओच्या गोड्या पाण्याने भरली नाही तर खारटपणा चढत जातो, आणि कोळंबीला असा बदल सोसत नाही. लाइट जाते तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप हवाच, कारण गरम खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो. माशांच्या औषधात तांबं असेल तर ते या टँकमध्ये कधीही पडू नये. माशाला बरं करणारी मात्रा कोळंबीला मारते.

सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे, आणि तो पूर्णपणे खोडता येत नाही. आपल्या शेताच्या बांधावर बीळ करणारा गोड्या पाण्यातला खेकडा अंडी पोटाखाली बाळगतो आणि त्यांतून थेट पिल्लं निघतात. पिस्तूल कोळंबीच्या बहुतेक जातींची अळी मात्र खुल्या समुद्रात तरंगत वाढते. घरच्या टँकमध्ये ती वाढवणं अतिशय अवघड आहे. त्यामुळे विक्रीला येणारी जवळजवळ प्रत्येक कोळंबी समुद्रातून, तिचं बीळ मोडून आणलेली असते. म्हणून क्रम उलटा करून चालत नाही. वाळू आणि पाणी तयार करून अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबावं, याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मगच एक कोळंबी आणि तिच्याशी जमणाऱ्या जातीचा एक गोबी आणावा. तेवढी वाट पाहायची तयारी नसेल, तर पावसाळ्यात बांधावर जाऊन खेकड्याचं बीळ पाहणं हाच छंद बरा.