रेषेवरचा न्याय : कबड्डीतील राखीव क्षेत्र आणि पंचांचा निर्णय

कबड्डीच्या सामन्यात वाद होतो तो बहुधा रेषेवर. पाय आत होता की बाहेर, एवढाच प्रश्न असल्याचे प्रेक्षकांना वाटते. आमच्या ताडकळस (ता. पूर्णा, जि. परभणी) परिसरातल्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहताना माझ्या लक्षात आले की प्रश्न एवढा साधा नसतो. कबड्डीत पाय कुठे पडला यापेक्षा तो केव्हा पडला, हे अधिक महत्त्वाचे असते.

आधी मैदान पाहू. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटरची पट्टी असते. तिला राखीव क्षेत्र म्हणतात. बोलीत सगळे लॉबीच म्हणतात. चढाई सुरू होते तेव्हा ही पट्टी मैदानाबाहेरची मानली जाते. तिथे ज्याचा पाय पडला, तो बाद. पण चढाईपटू आणि बचावपटू यांचा स्पर्श होऊन झटापट सुरू झाली, की तीच पट्टी मैदानाचा भाग होते. जमीन तीच आणि रेषाही तीच. एका स्पर्शाने तिचा अर्थ बदलतो.

इतर खेळांत असे सहसा होत नाही. आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेपार गेला तरच गोल होतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये गोलरेषेच्या कोपऱ्यावर नारिंगी खांबुली असते. खेळाडूने हातातला चेंडू वेळेत त्या खांबुलीला लावला, तरी गुण मिळतात. तिथे रेषेवर एक अदृश्य भिंत कल्पिलेली आहे आणि पंचाची नजर चेंडूवर असते. कबड्डीत चेंडूच नाही, म्हणून पंचाला शरीर आणि जमीन यांचा संबंध पाहावा लागतो.

त्यासाठी पंच मनात तीन प्रश्न क्रमाने विचारतो. पहिला, स्पर्श झाला का? दुसरा, राखीव क्षेत्रात गेलेला खेळाडू झटापटीत सामील होता का? तिसरा, त्याच्या शरीराचा काही भाग अजून आत टेकलेला आहे का? झटापटीत खेळाडूचा हात किंवा पाय सीमेबाहेर टेकला, पण शरीराचा दुसरा भाग आतल्या जमिनीला लागून असेल, तर तो बाद होत नाही. हा क्रम चुकला की नजर कितीही तीक्ष्ण असली तरी निर्णय चुकतो.

चढाई चालू असताना बचावपटू बाहेर गेला, तर पंच शिट्टी वाजवत नाही. कारण चढाई थांबलेली नसते. तो त्या खेळाडूचा क्रमांक मोठ्याने पुकारून त्याला बाद देतो. अशा बाहेर गेलेल्या बचावपटूने चढाईपटूला पकडले, तरी ती पकड ग्राह्य धरत नाहीत. दोन पंचांचे एकमत झाले नाही, तर शेवटचा शब्द सरपंचाचा.

याच पट्टीवरून ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक अडले होते. भारत आणि इराण २८–२८ असे बरोबरीत होते आणि सामना अगदी शेवटाला आला होता. पवन सेहरावत कोणालाही न शिवता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही तिथे गेले. आंतरराष्ट्रीय नियमाचा आधार घेतला, तर स्पर्श झाला नसल्याने ती पट्टी बाहेरचीच. म्हणून तिथे गेलेले सगळेच बाद. प्रो कबड्डीतल्या नव्या नियमाप्रमाणे मात्र चढाईपटू बाहेर जाताच चढाई संपते, म्हणून बाद फक्त तोच. निर्णय फिरत राहिला आणि खेळ सुमारे तासभर थांबला. अखेर भारत ३३–२९ असा जिंकला. महाराष्ट्राचा अस्लम इनामदारही त्या संघात होता.

त्या दिवशी पाय कुठे पडले, याविषयी वाद नव्हता. चित्रफितीत ते सर्वांना दिसत होते. वाद होता तो कोणता नियम लावायचा याचा. यंत्र पाऊल दाखवू शकते, नियम ठरवू शकत नाही.

आमच्याकडे चित्रफीतही नसते. काळ्या रानात फक्कीने आखलेली रेषा दहा-बारा चढायांत पुसट होते आणि पायांना लागून पांढरा चुना भलतीकडेच उमटतो. म्हणून मध्यंतराच्या पाच मिनिटांत रेषा पुन्हा आखून घ्यावी, असा माझा आग्रह असतो. त्याहून मोठा आग्रह दुसऱ्या गोष्टीचा. नाणेफेकीच्या वेळीच दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावून राखीव क्षेत्राचा नियम मोठ्याने सांगावा आणि प्रेक्षकांनाही तो ऐकू जावा. यात्रेतल्या सामन्यात दोन गावे समोरासमोर असतात. तिथे एका गुणाचा राग मैदानातच राहत नाही, वर्षभर दोन गावांच्या बोलण्याचालण्यात उतरतो. हरलेला संघ पराभव पचवतो. नियम आपल्यासाठी ऐन वेळी बदलला, हा संशय मात्र तो पचवू शकत नाही.