बॉनमधली अंधेरी

जर्मनीतल्या बॉन शहरात एका संस्थेचं नाव आहे 'अंधेरी हिल्फे'. हिल्फे म्हणजे मदत. साठ वर्षं होत आली, ऱ्हाईन नदीकाठच्या त्या शहरात आपल्या पश्चिम रेल्वेवरच्या एका स्टेशनाच्या नावाने देणग्या गोळा होतात. मी अंधेरीत पन्नास वर्षं काढली आणि मला हे कळलं अगदी अलीकडे. कळल्यापासून वीरा देसाई रोडवरून जाताना माझी पावलं आपोआप मंदावतात, कारण या नावाची सुरुवात त्याच रस्त्यावर झाली.

आता तिथे काचेच्या इमारती आणि गाड्यांच्या शोरूम आहेत. त्यांच्यामध्ये झाडांआड सेंट कॅथरिन्स होम आहे. ज्यांना घर नाही किंवा घराने नाकारलं, अशा मुलांचं ते घर. 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' या संघाच्या सिस्टर्सनी त्याचा पाया घातला. वांद्र्याचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट चालवणाऱ्या सिस्टर्सही याच संघाच्या. त्यांच्यातच जर्मनीहून आलेल्या एक तरुण सिस्टर होत्या, ॲना ह्युबर्टा रोगेनडॉर्फ. जन्म १९०९ चा, गाव आयफेलच्या डोंगराळ मुलखातलं मेखेर्निख. त्यांचे भाऊ योझेफ हे जेझुइट या ख्रिस्ती संघाचे फादर, ते टोकियोच्या सोफिया विद्यापीठात शिकवायला गेले. एका घरातली दोन भावंडं, एक जपानात आणि एक अंधेरीत. त्या काळात असं निघून जाणं म्हणजे परतीचा विचार मनातून काढूनच बोटीवर चढणं होतं.

अनाथालय चालवणाऱ्या माणसाची झोप उडवणारी गोष्ट म्हणजे 'माझ्यानंतर कोण?' ही काळजी. पैशाची चणचण तर रोजचीच असते, पण तान्ह्या पोराला आज उचलून घेतलं की पुढची अठरा-वीस वर्षं कोणीतरी त्याचं असावं लागतं. सिस्टर ॲना ह्युबर्टांनी १९४२ साली अंधेरीतच एक नवा संघ उभा केला, 'सोसायटी ऑफ द हेल्पर्स ऑफ मेरी'. साल पुन्हा वाचा. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं, मुंबईत गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला तो याच वर्षी. ब्रिटिश हिंदुस्थानात जर्मन माणूस म्हणजे शत्रुराष्ट्राचा नागरिक. स्वतःच्या पायाखालची जमीन अशी सरकत असताना या बाईंनी हाती घेतलं ते आपल्यामागे पन्नास-शंभर वर्षं चालावं असं काम. १९७३ मध्ये त्या गेल्या. संघ आजही आहे. त्याच्या भारतीय सिस्टर्स खेड्यापाड्यांत आणि झोपडपट्ट्यांत काम करतात, काही जणी तर केनिया-इथिओपियापर्यंत पोचल्या. वर्सोव्याला यारी रोडवरचं विमला सेंटर, जिथे कुष्ठरुग्णांवर उपचार होतात, तेही याच संघाचं. कुष्ठरोगावर एकाच वेळी अनेक औषधं देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली १९८२ साली. त्याआधी या रोगावर वर्षानुवर्षं, कित्येकांना जन्मभर, गोळ्या घ्याव्या लागत. आपल्याकडे तर बोटं झडलेल्या माणसाला घरची चूलही बंद व्हायची. त्या माणसाची जखम हातात धरून धुणं ही गोष्ट लिहायला एक ओळ पुरते, करायला जन्म लागतो.

बॉनचा धागा इथे जोडला जातो. बॉन तेव्हा पश्चिम जर्मनीची राजधानी. तिथे रोझी गोलमान नावाच्या तरुण शिक्षिका धर्मशिक्षणाचे तास घेत. १९५९ च्या सुमाराला त्यांच्या वाचनात अंधेरीतल्या या अनाथालयाची हकिकत आली. त्यांनी ती वर्गात मुलींना सांगितली आणि मुली मदत जमवायला लागल्या. युद्धात राखरांगोळी झालेला तो देश नुकता कुठे उभा राहत होता, आणि या मुलींनी तर लहानपणी भूक पाहिलेली होती. त्यातून १९६७ मध्ये 'अंधेरी हिल्फे' ही रीतसर संस्था झाली. गोलमानबाई जोगीण झाल्या नाहीत, झगा घातला नाही, पण सगळं आयुष्य याच कामाला दिलं.

मला या बाईंबद्दल सगळ्यात आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. त्या भारतात आल्या, मुलांना भेटल्या आणि त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, ही मुलं इथे येतातच का? यातल्या कित्येकांचे आईबाप जिवंत होते, त्यांना फक्त पोट भरणं जमत नव्हतं. मग मदतीचा ओघ त्यांनी खेड्यांकडे वळवला. पाणी, शेती, बायकांचे गट, मुलांची शाळा. बाप गावात पोरांना खाऊ घालू शकला तर पोर अनाथालयाच्या दारात येणारच नाही. पुढे बांगलादेशात त्यांनी मोतीबिंदूने अंधत्व आलेल्यांच्या शस्त्रक्रियांचं काम हाती घेतलं, आणि त्या शस्त्रक्रियांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. दहा लाख! डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर ज्यांना नातवाचं तोंड दिसलं, त्यांच्यापैकी किती जणांनी 'अंधेरी' हा शब्द ऐकला असेल?

रेल्वेच्या रुळांपलीकडे, अंधेरी पूर्वेला, अशीच आणखी एक वास्तू आहे, 'स्नेहसदन'. तिची गोष्ट समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. पहिल्या महायुद्धापर्यंत मुंबईत जर्मन जेझुइट फादर होते. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी त्यांना घालवून दिलं आणि काही वर्षांनी त्यांच्या जागी स्पेनहून फादर येऊ लागले. आपल्या इतिहासप्रेमी वाचकांना ठाऊक असलेले सेंट झेवियर्सचे फादर हेरास त्याच ओघात १९२२ साली आले. तशाच एका स्पॅनिश जेझुइटाने, फादर रिकार्डोंनी, १९६२ साली स्टेशनांवर झोपणाऱ्या पोरांसाठी स्नेहसदन सुरू केलं. व्ही. टी.च्या फलाटावर बिनतिकीट उतरलेली, पाकिटं मारणारी, हातगाडीखाली निजणारी पोरं. पुढे फादर प्लॅसी फोन्सेका यांनी कित्येक दशकं ते काम सांभाळलं.

स्नेहसदनची खुबी अशी की त्यांनी भलीमोठी वसतिगृहाची इमारत बांधली नाही. लहान लहान घरं केली. एका घरात मोजकी मुलं आणि त्यांची काळजी घ्यायला एक जोडपं, आई आणि बाबा. रस्त्यावरच्या पोराला बंदिस्त जागा म्हणजे तुरुंग वाटतो, तो पहिल्या संधीला पळतो. घरात मात्र त्याला पातेल्यात काय शिजतंय ते दिसतं, भांडणात आईची बाजू घेता येते. वस्तीतल्या साध्या शाळेत ही मुलं इतरांच्या बाकावर बसतात. गणपती, ईद, नाताळ, सगळं साजरं होतं.

इथे काही वाचकांच्या मनात जो प्रश्न आला असेल तो मी टाळणार नाही. हे सगळं धर्म वाढवण्यासाठी तर नसतं? प्रश्न जुना आहे आणि आपल्या मराठी मुलखात तो सगळ्यात कडवटपणे विचारला गेला पंडिता रमाबाईंना. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीवर विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पैसा आला बोस्टनच्या लोकांकडून, जसा पुढे अंधेरीला बॉनहून आला. रमाबाई १८८३ मध्येच इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या. सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या म्हणून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी, त्यांना साथ देणारी मोठी माणसंही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. त्यांचा आक्षेप पोकळ होता असं मी म्हणणार नाही. दुबळ्याच्या गरजेचा फायदा घेऊन त्याची श्रद्धा बदलणं गैरच, कोणीही केलं तरी. पण त्यानंतर तीनच वर्षांनी दुष्काळ पडला आणि रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी, भरकटलेल्या मुली गोळा करून केडगावला घेऊन आल्या. त्या मुलींना दुसरं कोण आणायला गेलं होतं, हा प्रश्नही त्याच इतिहासात आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. माझ्या देवघरात विठोबा आहे. तरीही या माणसांकडे पाहताना मला जाणवतं की ही हिंमत त्यांच्या श्रद्धेतून वेगळी काढता येत नाही. मातीत गाडून घेणाऱ्या दाण्याचा बायबलमधला दृष्टांत ती लहानपणापासून ऐकत आली होती, आणि त्यांनी तो शब्दशः खरा मानला.

शिवाय हा धर्म काल बोटीतून उतरलेला पाहुणाही नाही. अंधेरी पूर्वेला, सीप्झ या उद्योग वसाहतीच्या कुंपणाआत, संगणकाच्या आणि हिऱ्यांच्या कारखान्यांमध्ये, १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन चर्चच्या भिंती उभ्या आहेत. १८४० च्या सुमाराला साथ आली, लोक गाव सोडून मरोळला गेले, चर्च ओस पडलं. ईस्ट इंडियन, म्हणजे इथली मूळची ख्रिस्ती, मंडळी अजून वर्षातून एकदा तिथे मिस्सा करायला जमतात. आंबोली, मरोळ, चकाल्याच्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस दिसतात. मुंबईत असे कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगनंतर लोकांनी उभे केले. त्यांच्यावर झेंडूची माळ असते, तीच आपल्या दारावर असते.

माझी आई दर दिवाळीला सेंट कॅथरिन्स होमच्या सिस्टर्सकडे फराळ घेऊन जायची. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एकदा करंज्यांचा डबा माझ्या हातात होता. दार उघडणाऱ्या सिस्टर मराठी बोलत, जरा अडखळत, पण चांगलं. त्यांनी डबा उघडला आणि तिथेच उभ्या राहून एकेक करंजी मोजली. चाळीस भरल्या. आईला वाटलं कमी आणल्या की काय, ती ओशाळली. सिस्टर म्हणाल्या, "बाई, या खोलीत बावीस मुली आहेत. प्रत्येकीला दोन दिल्या तर चार कमी पडतात. एकेक दिली तर अठरा उरतात, त्या शेजारच्या खोलीत जातील, पण तिथे वीस मुली आहेत." मग त्या थांबल्या आणि हिशेब पुन्हा बोटांवर केला.

आई घरी आली, पदर खोचला, उरलेलं सारण काढलं. रव्याचा गोळा पुन्हा भिजवला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या आधी चार करंज्या वर्तमानपत्रात बांधून तिने मला पिटाळलं. रस्त्यात मी त्यातली एकही खाल्ली नाही.