उशी कुठे असते?

दूधविनायकला राहणाऱ्या मावशींचा उत्सवाच्या दिवसांत फोन आला. "मोजणारा येऊन गेला, आवाज मर्यादेत आहे म्हणाला. मग माझी खिडकी का रे वाजते?" त्या एका प्रश्नासाठी मी काशी गाठली.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, दूधविनायक या भागात मराठी घरं पिढ्यानपिढ्या आहेत. मावशींच्या ओळखीतला एक तरुण ध्वनितंत्रज्ञ मीटर घेऊन आला. त्याने आधी माइकवर एक छोटी डबी बसवली. बारीक, सरळ सूर निघाला: हजार हर्ट्झ, ९४ डेसिबल. "इथे ९४ दिसलं नाही, तर पुढचं सगळं खोटं," तो म्हणाला. दिसलं. मग तिपाई, वाऱ्यासाठी स्पंजची टोपी. मला त्याने लांब उभं केलं, कारण माणसाच्या अंगावरूनही आवाज परततो.

मैदानात अंतर दुप्पट झालं की छोट्या स्पीकरचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मावशींच्या गल्लीत तो इतका उतरत नाही, दोन्हीकडच्या भिंती त्याला धरून ठेवतात. त्याने चौकातले उत्सवाचे स्पीकर थोडा वेळ बंद करवले आणि नुसती गल्ली मोजली: घंटा, स्कूटर, बोलणं. स्पीकर चालू असताना ६८ आणि बंद असताना ६५ आले, तर स्पीकरचे स्वतःचे ६५च. ही वजाबाकी न करता दिलेल्या आकड्यावर माझा यापुढे विश्वास बसणार नाही.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरला त्याहून १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी ते. पण हे सगळे आकडे 'ए' मापनाचे. आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून 'ए' मापन तो कापतं. ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल.

तो मावशींच्या माडीवर गेला, मीटर खर्ज फारसा न कापणाऱ्या 'सी' मापनावर घेतला. आकडा दहाहून जास्त डेसिबलनी चढला. चौकटीतली काच थरथरत होती. मावशी काही बोलल्या नाहीत, फक्त त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. त्यांची तक्रार पहिल्यांदाच कुणीतरी मोजली होती.

त्याने दोन्ही आकडे वहीत लिहिले, डबी पुन्हा बसवली. ९४. मग विचारलं, "मावशी, रात्री तुमची उशी कुठे असते?" आणि तिपाई उचलून तिथे नेली.