आत्याच्या दाराचं कुलूप

आत्याला केअर होममध्ये ठेवून तीन आठवडे झाले होते. इंग्लंडहून ताईचा, म्हणजे माझ्या चुलतबहिणीचा फोन आला. ती तिकडे अशाच एका केअर होममध्ये नर्स आहे. जेवण कसं, स्वच्छता कशी, रात्री कोण असतं, सगळं विचारून झाल्यावर तिने विचारलं, "दाराला कुलूप असतं का रे?"

"असतं. नाहीतर जाईल ना ती बाहेर."

"परवानगी कोणी दिली?"

"मीच. फॉर्मवर सही केली."

"तू कोण?"

मला राग आला. आत्याने लग्न केलं नाही, बाबा गेल्यापासून तिचं औषधपाणी मीच बघतो, आणि सातासमुद्रापलीकडून ही विचारते, तू कोण! पण फोन ठेवल्यावर फॉर्मची झेरॉक्स काढून बघितली. माझ्या नावापुढे 'नातं' या रकान्यात 'भाचा' एवढंच होतं. आत्याची सही कुठेच नव्हती. तिला विचारलंही नव्हतं.

आत्या बडोद्याच्या मराठी शाळेत भूगोल शिकवायची. घर दांडिया बाजारात. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी पाच वाजता चपला घालून सुरसागरला फेरी, तिथून मग भाजी. अल्झायमर जडल्यावरही फेरी सुटली नाही, फक्त परतीचा रस्ता सुटायला लागला. एका रात्री एक रिक्षावाला तिला स्टेशनजवळून घेऊन आला. त्याने पैसेही घेतले नाहीत. मी दिवसभर कंपनीत, बायकोही नोकरीला, म्हणून केअर होम. जागा चांगली आहे, लोक प्रेमळ आहेत. पण पाच वाजले की आत्या चपला घालून बंद जाळीसमोर खुर्चीत बसते, आणि साडेसहाला कोणीतरी तिला आत नेतं.

ताईने मग मला एक गोष्ट सांगितली. इंग्लंडातल्या सरे परगण्यात एक ऑटिझम असलेला, बोलू न शकणारा माणूस होता. कोर्टाच्या कागदांत त्याचं नाव फक्त 'एचएल'. तीस वर्षांहून जास्त काळ बोर्नवुड नावाच्या रुग्णालयात काढल्यावर १९९४ मध्ये तो एका जोडप्याच्या घरी राहायला गेला. १९९७ मध्ये एके दिवशी डे सेंटरमध्ये अस्वस्थ झाला म्हणून त्याला परत बोर्नवुडमध्ये नेलं. त्याने विरोध केला नाही, म्हणून कायद्याने 'अटकाव' केल्याची नोंदही झाली नाही. जणू तो स्वतःहून आला होता. ज्या जोडप्याने त्याला घरच्यासारखं सांभाळलं, त्यांना सुरुवातीला भेटूही दिलं नाही. घरी यायला त्याला डिसेंबर उजाडला. खटला थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ मध्ये निकाल लागला: गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, या माणसाचं स्वातंत्र्य कोणत्याही ठरलेल्या प्रक्रियेविना काढून घेतलं गेलं.

त्यातून २००९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये नवी पद्धत आली. निर्णयक्षमता नसलेल्या माणसाला केअर होममध्ये असं ठेवायचं तर स्थानिक प्रशासनाकडे अर्ज करायचा. बाहेरची माणसं येऊन तपासतात, परवानगीला मुदत असते आणि त्या माणसाच्या बाजूने बोलायला कोणीतरी नेमलेलं असतं. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कसोटी आणखी सोपी केली. माणसावर सतत देखरेख आहे का, आणि त्याला निघून जायची मुभा आहे का, एवढंच बघा. तो खुशीत आहे की नाही, हा मुद्दा नाही. न्यायाधीश लेडी हेल यांनी लिहिलं की सोन्याचा असला तरी पिंजरा तो पिंजराच.

हे ऐकून मी भारावलो, तर ताई हसायला लागली. कारण त्या निकालानंतर अर्जांचा पूर आला. आधी वर्षाला सुमारे १३ हजार यायचे, पुढच्याच वर्षी १ लाख ३७ हजार. एकवीस दिवसांत निकाली निघायला हवा तो अर्ज महिनोन्‌महिने पडून राहायला लागला. काही माणसं परवानगी यायच्या आत वारली. सुधारणेसाठी २०१९ मध्ये नवा कायदा मंजूर झाला. तो लागू करायची तारीख पुढे पुढे गेली, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सरकारने त्या संसदेच्या मुदतीत तो लागू होणार नाही असं सांगून टाकलं. आमच्या क्षेत्रात हे नेहमीचं आहे. दर मिनिटाला वाजणारा अलार्म शेवटी कोणी बघत नाही. तरी ताईचं म्हणणं असं की अर्ज भरताना निदान लिहावं तरी लागतं, कुलूप का, आणि दुसरा काही उपाय करून पाहिला का.

मग आपल्याकडे काय? आधी मला वाटलं, काहीच नसेल. तसं नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा बराच विचार करून केलेला आहे. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा गंभीर बिघाडही येतो. संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णाला दाखल केलं तर तीस दिवसांची मर्यादा आहे, पुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाकडून फेरविचार. बाई असेल तर मंडळाला तीन दिवसांत कळवायचं. रुग्णाला साखळीने बांधायला साफ मनाई. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून गेले होते, ते वाचकांना आठवत असेल.

पण हा सगळा विचार मानसोपचाराच्या संस्थांचा. आत्यासारख्यांना ठेवणारं केअर होम स्वतःला तसं मानतच नाही. 'आम्ही वृद्धाश्रम' म्हणतात. आत्यासाठी जागा शोधताना मी ज्यांच्याकडे गेलो होतो, त्या सगळ्यांना नंतर फोन करून विचारलं. मंडळाचं नावही कोणी काढलं नाही.

पैशांची गंमत तर वेगळीच. आत्याने शहाणपणाने माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं होतं. वकील म्हणाले, १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते संपतं. नेमका पाऊस आला की मिटणारी छत्री! इंग्लंडात अशाच वेळी चालू राहणारं वेगळं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे १९८७ च्या जुन्या कायद्यात मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी पालक नेमायची तरतूद होती, २०१७ च्या कायद्याने ती गेली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, पण वकील म्हणाले, शेवटी अहमदाबादला हायकोर्टात जावं लागेल. आम्ही गेलोय. तारीख पडली आहे.

कोर्ट ठरवेल ते आत्याच्या पेन्शनचं आणि घराचं. कुलपाचं अर्जात एक अक्षर नाही. मीही घातलं नव्हतं, हे मला नंतर खटकलं.

म्हणून एका शनिवारी केअर होमच्या व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांना वाटलं, तक्रार घेऊन आलोय. म्हटलं, कुलूप राहू दे, पण पाच वाजता कोणीतरी तिला अर्धा तास बाहेर न्यावं, त्याचे पैसे मी वेगळे देतो. आणि ज्या दिवशी नेलं नाही, त्या दिवशी कारण लिहावं. थोडी खळखळ झाली. माणसं कमी आहेत, बाहेर पडली बिडली तर जबाबदारी कोणाची, वगैरे. त्यांचंही खरं होतं. शेवटी मी अजून एक सही केली, यावेळी उलट कारणासाठी.

तेव्हा आत्याला पहिल्यांदा विचारलं. "आत्या, संध्याकाळी फिरायला जायचं?" तिने माझ्याकडे बघितलं, मला ओळखलं की नाही कोण जाणे, आणि म्हणाली, "सुरसागरला पाणी आहे का सध्या?"

घरी आल्यावर आईशी बोललो. त्याच २०१७ च्या कायद्यात प्रत्येक सज्ञान माणसाला, डोकं ठिकाणावर असताना, पुढे आपली देखभाल कशी व्हावी आणि आपल्या वतीने कोणी बोलावं हे लिहून ठेवता येतं. आई आधी "अभद्र बोलू नकोस" म्हणाली. दोन दिवसांनी स्वतःच वही घेऊन बसली. तिचं पहिलं वाक्य होतं की सुनेला बोलू द्यावं, मुलगा घाईत असतो.

केअर होममध्ये आता एक शंभर पानी वही आहे. काम करणाऱ्या बेन गुजरातीत लिहितात. गेल्या आठवड्यात चाळली. बहुतेक दिवशी 'टीचर फरवा गया', म्हणजे टीचर फिरायला गेल्या. एके दिवशी पाऊस. एके दिवशी माणूस नव्हता. आणि गुरुवारी लिहिलंय, 'टीचरे ना पाडी'. विचारलं होतं, त्या नको म्हणाल्या.