बोर्ड, बोर्डिंग आणि आम्ही

काही वर्षांपूर्वी आठवीच्या सहामाही परीक्षेत आम्ही भाषांतरासाठी एक वाक्य घातले होते : ‘द बोर्ड हॅज डिसाइडेड टु गिव्ह फ्री बोर्ड टु ऑल बोर्डर्स.’ वाक्य मुद्दाम अवघड केले होते, हे कबूल केले पाहिजे. एका विद्यार्थ्याने उत्तर लिहिले, ‘फळ्याने सर्व सीमांना फुकट फळा देण्याचे ठरवले आहे.’ शिक्षकदालनात हे उत्तर मोठ्याने वाचून दाखविण्यात आले आणि आम्ही सर्व जण मनसोक्त हसलो. उत्तरपत्रिकेवर लाल रेघ मारली. सायंकाळी भोजनगृहात तोच मुलगा ताट घेऊन रांगेत उभा दिसला, तेव्हा मात्र हसू ओसरले. तो स्वतः ‘बोर्डर’ होता, त्याच्या ताटात पडत होते ते ‘फ्री बोर्ड’ होते आणि ते द्यावे असे ठरविणारे संस्थेचे मंडळ म्हणजे ‘बोर्ड’ होते. ज्या वाक्यात तो रोज राहत होता, त्याच वाक्याचा अर्थ त्याला आम्ही शिकविलेला नव्हता. त्याला एकच बोर्ड ठाऊक होता, वर्गातल्या भिंतीवरचा. दोष त्याचा नव्हता.

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे पत्र संपादक मंडळाकडून आले तेव्हा या वाक्याची आठवण झाली. संपादक मंडळ हेही इंग्रजीत बोर्डच! तेव्हा माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर या एका शब्दाची हकिकत मांडावी, असे आम्ही ठरविले.

जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी. बाकीचे सर्व अर्थ या फळीलाच फुटलेल्या फांद्या आहेत. पूर्वी इंग्लंडात जेवणाच्या वेळी घोड्यांवर फळ्या टाकून मेज तयार करीत आणि जेवण आटोपल्यावर ते उचलून ठेवीत. म्हणून फळीचा अर्थ मेज असा झाला. मेजावर अन्न मांडले जाई, म्हणून पुढे मेज या शब्दानेच अन्नाचाही बोध होऊ लागला. ‘बोर्ड अँड लॉजिंग’ ही पाटी आपण लहान हॉटेलांवर वाचतो, तिच्यातला बोर्ड म्हणजे जेवण आणि लॉजिंग म्हणजे मुक्काम. पैसे देऊन दुसऱ्याच्या घरी जेवणारा तो ‘बोर्डर’, आणि अशा जेवणाऱ्या-राहणाऱ्यांची जागा ते ‘बोर्डिंग हाऊस’. त्याच मेजाभोवती जेवणाऐवजी विचारविनिमयासाठी माणसे बसली, की त्या माणसांनाही बोर्डच म्हणू लागले. अशा रीतीने फळी, अन्न आणि समिती हे तीन अर्थ एका मेजाभोवती जमले.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. मराठीनेही जवळपास हाच उद्योग केला आहे. ‘पाट मांडले’ म्हणजे जेवणाची तयारी झाली. पाट लाकडाचा, पण अर्थ भोजनाचा. पाट आणि पाटी हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘पट्ट’ या शब्दाचे वंशज आहेत. म्हणून लिहिण्याची पाटी, दुकानावरची पाटी आणि बसण्याचा पाट यांचे घराणे एकच. फळी आणि फळा ही ‘फलक’ या शब्दाची लेकरे. विद्यार्थ्यांचा ‘पट’ मात्र मुळात वस्त्राच्या घराण्यातला. पण बुद्धिबळाच्या पटावर बसून तोही या नातेवाइकांत मिसळून गेला. फरक एका ठिकाणी आहे. इंग्रजाने सभेला बसणाऱ्यांना फळीचे नाव दिले, तर आपण त्यांच्या बसण्याच्या आकाराचे नाव दिले : मंडळ. शिक्षण मंडळ, वीज मंडळ, संचालक मंडळ. वर्तुळात पहिला कोण आणि शेवटचा कोण हे ठरत नाही, म्हणून आम्हांला आपला शब्द अधिक आवडतो. मंडळांचा प्रत्यक्ष कारभार तसाच चालतो असे मात्र नाही.

जहाजाच्या बाजूसही जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणत. जहाजाचे सुकाणू ज्या अंगाला असे, ती उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’. तेथे ताऱ्यांचा काही संबंध नाही, सुकाणूचा आहे. जहाजात चढणे म्हणजे बोर्ड करणे. पुढे आगगाडीत आणि विमानात चढण्यासही तेच क्रियापद लागू झाले आणि विमानतळावर बोर्डिंग पास मिळू लागला. आमचा एक माजी विद्यार्थी पहिल्यांदा विमानाने निघाला तेव्हा त्याने विमानतळावरून आईला दूरध्वनी केला, ‘आई, बोर्डिंग सुरू झालंय, ठेवतो.’ माउलीला काही उमगेना. ‘अरे बाबा, नोकरी लागून इतकी वर्सं झाली, आता पुन्हा कुठल्या बोर्डिंगात चाललास?’ असे तिने विचारल्याचे तो आजही हसत सांगतो.

किरकोळ अर्थ किती सांगावेत! घोडागाडीत घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी म्हणजे डॅशबोर्ड. आज मोटारीत चिखल नाही, घोडा नाही, नाव तेवढे राहिले. प्याले मांडण्याची फळी ती ‘कबर्ड’. आपले कपाट तिच्यासारखे वाजते, पण ते संस्कृत आहे आणि मुळात त्याचा अर्थ दाराची फळी असा आहे. दोघांचे नाते नाही. पत्ते खेळताना हात मेजाच्या वर, सर्वांना दिसतील असे ठेवणे यावरून ‘अबव्ह बोर्ड’ म्हणजे उघड, स्वच्छ व्यवहार. सीमा या अर्थाचा ‘बॉर्डर’ हा शब्दही फ्रेंच भाषेचा वळसा घेऊन याच कुळातून आलेला आहे. म्हणजे आमच्या त्या विद्यार्थ्याची ‘सीमा’ अगदीच वाट चुकलेली नव्हती.

आता आपल्या सातारा-सांगलीकडे येऊ. या भागातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी बोर्ड हा शब्द प्रथम आला तो ‘लोकल बोर्ड’ म्हणून. जिल्हा लोकल बोर्डाचे रस्ते, लोकल बोर्डाची शाळा, लोकल बोर्डाचा दवाखाना. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता; १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्डे इतिहासजमा झाली. वीज मंडळाचेही तसेच. २००५ मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या, तरी तारेवर चढणारा माणूस खेडोपाडी अजून ‘बोर्डाचा वायरमन’ आहे. साखर कारखान्यावर निवडून येणारा ‘बोर्डावर’ जातो. घरात दिवा लावायचा तर बटणांचा बोर्ड, एस.टी. ओळखायची तर काचेमागचा बोर्ड. ज्या पालकांना वाचता येत नसे, ते स्थानकावर शेजारच्याला विचारीत, ‘दादा, कुठला बोर्ड लागलाय?’ मुलाला आमच्याकडे सोडून परत जाणाऱ्या कित्येक आयाबापांना कराडच्या स्थानकावर तसे विचारताना आम्ही पाहिले आहे. पुढच्या सुट्टीत तोच मुलगा त्यांना बोर्ड वाचून दाखवी.

दहावी-बारावीचे बोर्ड सर्वांना ठाऊक आहे. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे त्याच्या कोल्हापूर विभागात येतात. ‘बोर्डात आला’ हा वाक्प्रचार शुद्ध मराठी निर्मिती आहे. गुणवत्ता यादीत नाव झळकले असा त्याचा अर्थ. इंग्रज माणसाला तो समजावून सांगावा लागेल.

परंतु या सर्वांहून आमच्या जिव्हाळ्याचा शब्द ‘बोर्डिंग’ हा आहे. इंग्रजीत तो जेवणराहण्याच्या कोणत्याही सशुल्क सोयीला लागतो, आणि तेथील बोर्डिंग स्कूल म्हटले की श्रीमंतांची मुले डोळ्यांपुढे येतात. आपल्याकडे त्याचा अर्थ नेमका उलट झाला : गरिबांच्या मुलांनी शिकण्यासाठी राहण्याची जागा. हा अर्थ घडला तो कोल्हापूर-साताऱ्याच्या मातीत. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगे निघाली; अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. गावात शाळा असली तरी पोटाची सोय नसेल तर मूल शिकत नाही, ही गोष्ट महाराजांनी ओळखली होती. शिक्षणाआधी ‘बोर्ड’ म्हणजे अन्न हवे, हा त्या शब्दाचा अर्थ त्यांनी प्रत्यक्षात आणला.

त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून भाऊराव पाटील शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर विटाळ गेला पाहिजे म्हणून स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना आपले बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे दुधगावच्या विद्यार्थी आश्रमाच्या कामात ते होते. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. कोल्हापुरातील बोर्डिंगे बहुतेक एकेका जातीची होती, त्या काळी तेवढेच शक्य होते. साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीस बसत. दळण सरले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिले. कर्मवीरांचे मोठेपण सांगताना या माउलीचे नाव मागाहून घेतले जाते, हे आम्हांला बरे वाटत नाही. १९२४ मध्येच मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि दुसऱ्याच वर्षी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले. दोन्हीकडे एकाच निकडीने हाच शब्द उचलला गेला.

बाबासाहेबांच्या आयुष्यात बोर्ड हा शब्द याहून आधी आणि फार कठोरपणे आला होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव दाखल झाले. ते हायस्कूल आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखले जाते आणि तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पटावर नाव आले, पण वर्गात बसण्यासाठी घरून गोणपाट आणावे लागे आणि सायंकाळी ते परत न्यावे लागे, कारण शाळेचा झाडूवालाही त्याला शिवत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मराठीत पंगतीचा पाट आहे आणि गोणपाटही आहे. दोहोंमधले अंतर तेव्हा केवढे होते ते एवढ्यावरून कळते. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना शिक्षकांनी त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले. वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. ते विटाळतील म्हणून मुले धावली आणि भीमरावांचा हात फळ्याला लागण्यापूर्वी त्यांनी डबे बाजूला फेकले. धनंजय कीर यांनी चरित्रात ही हकिकत दिली आहे. आम्ही बोर्ड या शब्दाचे अर्थ वर्गात सांगतो तेव्हा येथे थांबतो. फळ्याच्या पुढे ज्ञान होते, मागे अन्न होते. एकाच बोर्डाचे दोन अर्थ, आणि मुलाला दोन्हींकडे जाण्याची बंदी.

फळ्याची याहूनही जुनी गोष्ट पाली साहित्यात आहे. कटाहक जातकात एका श्रेष्ठीचा मुलगा लिहायला शिकण्यास जातो. त्याचा फलक, म्हणजे लिहिण्याची पाटी, वाहून नेण्यास घरातील दासीचा मुलगा कटाहक बरोबर जातो आणि पाटी वाहता वाहता तोही लिहायला शिकतो. पुढे तो त्या विद्येचा उपयोग खोटे पत्र लिहून श्रीमंत घरी लग्न जमविण्यास करतो आणि कथा त्याच्या उद्दामपणाकडे वळते. आम्हांला मात्र ती पाटी वाहून नेणारा कटाहकच अधिक लक्षात राहतो.

अलीकडे बोर्डिंग हा शब्द मागे पडू लागला आहे. अर्जावर वसतिगृह लिहितात, बोलताना हॉस्टेल म्हणतात. यामागे थोडी लाज आहे, हे आम्ही जाणतो. शहरातील एका महाविद्यालयात आमच्या एका विद्यार्थिनीला ‘बोर्डिंगातली’ म्हणून ज्या सुरात हाक मारली जाई, तो सूर तिने आम्हांला सांगितला आहे. पुढे तिने विचारणाऱ्यांना ‘मी हॉस्टेलला होते’ असे सांगण्यास सुरुवात केली. आम्ही तिला दोष दिला नाही. तरीही आमचे मत विचाराल, तर हॉस्टेल या शब्दात केवळ खोली आहे. बोर्डिंग या शब्दात भाकरी आहे. कामाच्या हंगामात गाव सोडून जाणाऱ्या आईबापांची मुले आजही आमच्याकडे आहेत, आणि त्यांच्यासाठी हा फरक शब्दकोशातला नाही.

त्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका आम्ही परत मागवून घेतली होती. वाक्याचे बरोबर उत्तर, ‘सर्व निवासी विद्यार्थ्यांना मोफत भोजन देण्याचे मंडळाने ठरविले आहे,’ हे वर्गात फळ्यावर लिहून दिले आणि त्याला दोन गुण वाढवून दिले. व्याकरण त्याचे अचूक होते. आज तो इस्लामपूरजवळ एका शाळेत इंग्रजी शिकवितो. गेल्या वर्षी भेटीस आला तेव्हा भोजनगृहाच्या दारातील लहान फळ्यासमोर बराच वेळ उभा होता. त्या फळ्यावर आमच्याकडे रोज खडूने दोन आकडे लिहिले जातात. त्या दिवशी लिहिले होते : पटावर २१२, जेवणारे २०९. ‘सर, तिघे कुठे गेले?’ त्याने विचारले. तिघांना ताप होता. त्यांची पेज खोलीवर पाठविली होती.