डिस्ट्रिब्युटरवरचे आकडे

लुकास कंपनीचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर एमजीबीच्या इंजिनातून काढून मिनीच्या इंजिनात घाला, तो बिनतक्रार बसेल. खालचा दांडा त्याच जाडीचा, शाफ्टच्या टोकाची रचना तीच, फायरिंगचा क्रमही दोन्हीकडे १-३-४-२. गाडी सुरू होते, म्हणून काम झालं असं वाटतं. या सोयीपायी कितीतरी जुन्या ब्रिटिश गाड्यांत भलत्याच इंजिनाचे डिस्ट्रिब्युटर ठाण मांडून बसले आहेत, आणि गाडीला ओढ नाही म्हणून मालक कार्ब्युरेटर उघडत राहतात.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनली. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या 'बी-सिरीज' घराण्यातलं. त्याच घराण्याचं १४८९ सीसीचं इंजिन तिच्या आधीच्या एमजीएमध्ये होतं आणि आपल्या पेट्रोल अँबेसेडरमध्येही. त्यामुळे इथल्या एमजीवाल्याला अँबेसेडरचा डिस्ट्रिब्युटर वापरण्याचा मोह होणं साहजिक आहे. पण जड सलूनला लागणारं टायमिंग आणि स्पोर्ट्‌स कारला लागणारं टायमिंग एक नसतं.

पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटून जोर यायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. मिनिटाला १००० फेऱ्यांवर क्रँकशाफ्टला १० अंश फिरायला सुमारे १.७ मिलिसेकंद मिळतात. ६००० फेऱ्यांवर जेमतेम ०.२८. तेव्हा वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पडायला हवी; हाच ॲडव्हान्स. हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं करतात. वेगाबरोबर ती बाहेर फेकली जातात आणि स्प्रिंगांचा ताण त्यांना आवरतो. कुठल्या वेगाला किती अंश हे या स्प्रिंगा ठरवतात, आणि त्या प्रत्येक मॉडेलला वेगळ्या असतात. डिस्ट्रिब्युटरची खरी ओळख तीच. बाहेरून मात्र सगळे सारखे दिसतात.

म्हणून आकडे वाचावेत. बॉडीवर पाच अंकी नंबर ठोकलेला असतो. सुरुवातीच्या एमजीबीचा ४०८९७. शेजारी बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. आत कॅमच्या पायाशी जास्तीत जास्त ॲडव्हान्सचा आकडा असतो, पण तो डिस्ट्रिब्युटरच्या अंशांत. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथल्या १० चे क्रँकवर २० होतात. हे दुप्पट करायचं राहिलं की पुढचं सगळं टायमिंग चुकतं. व्हॅक्यूम युनिटवर ५-१३-१० असं काही लिहिलेलं असतं: पाऱ्याच्या ५ इंच निर्वाताला हालचाल सुरू, १३ ला पूर्ण, आणि एकूण १० अंश, तेही डिस्ट्रिब्युटरचेच. ॲडव्हान्स कमी पडला तर इंजिन मंद आणि गरम. गरजेपेक्षा लवकर वाढला तर चढावर टकटक नॉकिंग ऐकू येतं, आणि ते अंगावर काढलं तर पिस्टन जातात.

पुढे आलेला ४५डी४ त्याच भोकात बसतो, पण त्याची कॅप, रोटर आणि पॉइंट वेगळे. पॉइंटचा गॅप दोघांचा साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन, मात्र जुन्याचा ६० अंशांच्या आसपास, नव्याचा ५१ च्या. शिवाय ४५डी४ च्या काळातल्या एमजीबीत बॅलास्ट रेझिस्टरवर चालणारी कॉइल आली. ती जुन्या वायरिंगवर थेट १२ व्होल्टला जोडली तर तापते आणि पॉइंटही लवकर जळतात.

ही अडचण ब्रिटिश गाड्यांपुरती नाही. बॉशचा '००९' फोक्सवॅगन बीटलमध्ये आणि पोर्शे ३५६ मध्येही सर्रास बसवला जातो. त्याला व्हॅक्यूम ॲडव्हान्सच नाही. साध्या बीटलचा ॲक्सिलरेटर दाबताक्षणी गाडी अडखळते ती बऱ्याचदा यामुळे.

नंबर जुळला तरी माझा भरवसा मोजमापावरच आहे. पन्नास वर्षांत कुणी ना कुणी स्प्रिंगा बदललेल्या असतात. व्हॅक्यूमची नळी काढून बंद करावी, टायमिंग लाइट लावावा, दर ५०० फेऱ्यांना अंश लिहून घ्यावेत आणि त्या नंबरच्या मूळ तक्त्याशी ताडून पाहावेत. त्याआधी शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघावा. बुश झिजून तो खेळत असेल तर पॉइंटचा गॅप फेरीगणिक बदलतो, आणि मग कुठलाही आकडा लाइटखाली स्थिर राहत नाही.